विल्यम प्लेफेअर

विल्यम प्लेफेअर (जन्म: २२ सप्टेंबर, इ.स. १७५९, लिफ, स्कॉटलंड. मृत्यू: ११ फेब्रुवारी, इ.स. १८२३, लंडन) हे स्कॉटिश यंत्रतंत्रज्ञ, आराखडाकार, अर्थविषयक लेखक आणि सांख्यिकीय आलेखांचे जनक होते. आर्थिक आकडेवारीसाठी रेषालेख व स्तंभालेख यांचा वापर त्यांनी इ.स. १७८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात केला, तर वर्तुळाचे भाग पाडून एखाद्या पूर्ण राशीची विभागणी दाखवणारा वृत्तालेख (पाय चार्ट) त्यांनी इ.स. १८०१ मध्ये प्रथम छापला. आज शाळेच्या पाठ्यपुस्तकात, वर्तमानपत्रात आणि संगणकावरील स्प्रेडशीटमध्ये सर्रास दिसणारे आलेखांचे तीन मूळ प्रकार अशा रीतीने एकाच व्यक्तीकडे जातात. प्लेफेअर यांचे व्यावहारिक आयुष्य मात्र अपयश, कर्जबाजारीपणा आणि वादग्रस्त उद्योगांनी भरलेले होते. त्यामुळे त्यांच्या हयातीत या शोधांना मान्यता मिळाली नाही.

जन्म आणि बालपण

प्लेफेअर यांचा जन्म स्कॉटलंडमधील डंडी शहराजवळच्या लिफ या गावी झाला. त्यांचे वडील जेम्स प्लेफेअर हे लिफ व बेन्व्ही या परगण्याचे धर्मोपदेशक होते. इ.स. १७७२ मध्ये वडिलांचे निधन झाले, तेव्हा विल्यम अवघे बारा वर्षांचे होते. कुटुंबाची व धाकट्या भावंडांच्या शिक्षणाची जबाबदारी थोरले बंधू जॉन प्लेफेअर यांच्यावर आली. हे जॉन प्लेफेअर पुढे एडिंबरा विद्यापीठात प्राध्यापक झाले. भूमितीतील समांतर रेषांविषयीचे गृहीतक आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते आणि जेम्स हटन यांचे भूशास्त्रीय विचार सुबोध करून मांडण्याचे श्रेयही त्यांना दिले जाते. दुसरे एक बंधू जेम्स प्लेफेअर हे वास्तुविशारद होते.

विल्यम यांच्या आलेखपद्धतीचे मूळ याच घरगुती शिक्षणात सापडते. जॉन यांनी धाकट्या भावाला तापमापकाच्या रोजच्या नोंदी ठेवायला लावल्या. त्या नोंदी केवळ आकड्यांत न ठेवता विभागलेल्या पट्टीवर रेषांच्या रूपाने मांडायच्या, असा त्यांचा आग्रह होता. जे संख्येने सांगता येते ते लांबीनेही दाखवता येते, ही शिकवण आपल्याला थोरल्या भावाकडून मिळाली, असे विल्यम यांनी पुढे आपल्या लेखनात कृतज्ञतेने नमूद केले आहे. हवामानाच्या नोंदींसाठी वापरलेली ही युक्ती व्यापार, कर आणि राष्ट्रीय कर्ज यांना लावणे, हे विल्यम यांचे स्वतःचे पाऊल होते.

उमेदवारी व जेम्स वॉट यांच्याकडील नोकरी

विल्यम यांनी मळणीयंत्राचे जनक मानले जाणारे अँड्र्यू मीकल यांच्या हाताखाली उमेदवारी केली. इ.स. १७७७ मध्ये ते बर्मिंगहॅम येथील बोल्टन आणि वॉट यांच्या सोहो कारखान्यात जेम्स वॉट यांचे आराखडाकार व मदतनीस म्हणून रुजू झाले. वाफेच्या इंजिनांचे आराखडे तयार करणे व त्यांच्या नकला काढणे हे त्यांचे मुख्य काम होते. प्रमाणबद्ध रेखांकन, मोजपट्टीचा काटेकोर वापर आणि ताम्रपटावर छापता येईल अशी स्वच्छ आकृती काढण्याचे कौशल्य त्यांना येथे मिळाले. इ.स. १७७९ मध्ये त्यांचा विवाह मेरी मॉरिस यांच्याशी झाला.

इ.स. १७८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी ही नोकरी सोडली आणि लंडनमध्ये चांदीच्या वस्तू तयार करून विकण्याचा व्यवसाय सुरू केला. हा व्यवसाय बुडाला. त्यानंतर त्यांनी अर्थविषयक लेखनाकडे मोर्चा वळवला. यापुढील चार दशके नवा उद्योग, त्यातील अपयश आणि पुन्हा लेखणीचा आधार, असा त्यांचा जीवनक्रम राहिला.

व्यापारी व राजकीय ॲटलस

‘द कमर्शियल अँड पोलिटिकल ॲटलस’ हा प्लेफेअर यांचा ग्रंथ इ.स. १७८६ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. नावात ॲटलस असले तरी त्यात एकही नकाशा नव्हता. त्यात ४४ आलेख होते. त्यांपैकी ४३ आलेखांत आडव्या अक्षावर वर्षे आणि उभ्या अक्षावर रक्कम घेऊन इंग्लंडचा निरनिराळ्या देशांशी असलेला व्यापार, सरकारी खर्च व राष्ट्रीय कर्ज यांचे चढउतार दाखवले होते. आयात व निर्यात यांच्या दोन रेषा एकाच आलेखात काढून त्यांमधील जागा रंगवल्यामुळे व्यापाराची शिल्लक इंग्लंडच्या बाजूने होती की विरुद्ध, हे एका दृष्टिक्षेपात कळत असे. डेन्मार्क व नॉर्वे यांच्याशी असलेल्या व्यापाराचा आलेख याचे प्रसिद्ध उदाहरण आहे.

राहिलेला एक आलेख स्कॉटलंडविषयी होता. स्कॉटलंडच्या व्यापाराची अनेक वर्षांची सलग आकडेवारी प्लेफेअर यांच्याकडे नव्हती. हाती असलेल्या इ.स. १७८०-८१ या एकाच वर्षाच्या आकड्यांवरून रेषा काढणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी १७ देश व प्रदेशांसाठी आयात आणि निर्यातीच्या पट्ट्यांच्या जोड्या काढल्या. हाच आर्थिक आकडेवारीचा पहिला स्तंभालेख मानला जातो. काळाचा प्रवाह त्यात दिसत नसल्याने खुद्द प्लेफेअर यांना तो इतर आलेखांच्या तुलनेत उणा वाटत होता.

काळ लांबीने दाखवण्याची कल्पना त्यापूर्वीही होती. जोसेफ प्रीस्टली यांनी इ.स. १७६५ मध्ये थोर व्यक्तींचे जीवनकाल आडव्या रेषांनी दाखवणारा तक्ता प्रसिद्ध केला होता. पैशासारखी अमूर्त राशी लांबीने दाखवणे मात्र त्या काळी अनेकांना विचित्र वाटले. आकडे नसलेल्या आकृतीवर वाचक विश्वास ठेवणार नाहीत, अशी शंका असल्याने आलेखांसोबत आकड्यांचे तक्तेही द्यावेत, असा सल्ला जेम्स वॉट यांनी दिला होता व पहिल्या आवृत्तीत तो पाळला गेला.

पॅरिसमधील वास्तव्य

इ.स. १७८७ मध्ये प्लेफेअर पॅरिसला गेले. त्यांचा ॲटलस फ्रान्सच्या राजदरबारात पोहोचला होता आणि भूगोलाची आवड असलेल्या सोळाव्या लुईला तो पसंत पडला होता. इंग्लंडमध्ये न मिळालेली दाद त्यांना परक्या देशात मिळाली. इ.स. १७८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांती सुरू झाली, तेव्हा ते पॅरिसमध्येच होते.

याच काळात ते सायोटो कंपनीच्या जमीनविक्रीत सहभागी झाले. उत्तर अमेरिकेतील ओहायो नदीकाठची जमीन फ्रेंच कुटुंबांना विकण्यासाठी अमेरिकन कवी व दलाल जोएल बार्लो पॅरिसमध्ये आले होते आणि प्लेफेअर त्यांचे सहकारी झाले. क्रांतीच्या धामधुमीने धास्तावलेल्या शेकडो लोकांनी जमिनी विकत घेतल्या व इ.स. १७९० मध्ये ते अटलांटिक महासागर ओलांडून अमेरिकेत पोहोचले. तेथे गेल्यावर त्यांना समजले की, विकलेल्या जमिनीवर कंपनीची कायदेशीर मालकीच नव्हती. या स्थलांतरितांनी वसवलेले गॅलिपोलिस हे गाव आजही ओहायो राज्यात आहे. पुढे इ.स. १७९५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने त्यांच्यासाठी वेगळी जमीन मंजूर केली. या प्रकरणात प्लेफेअर यांची जबाबदारी किती होती याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. विक्रीच्या पैशांचा हिशेब मात्र नीट लागला नाही आणि त्यांच्या नावाला लागलेला डाग कायम राहिला.

लंडनला परत

क्रांतीवर उघड टीका करू लागल्यावर फ्रान्समध्ये राहणे धोक्याचे झाले आणि इ.स. १७९० च्या दशकाच्या पहिल्या वर्षांत प्लेफेअर लंडनला परतले. तेथे त्यांनी क्रांतिविरोधी पत्रके व पुस्तके लिहिली. फ्रान्सच्या क्रांतिकारी सरकारने काढलेल्या असिन्या या कागदी चलनाच्या बनावट नोटा छापून ते चलन कोसळवण्याच्या ब्रिटिश प्रयत्नांशी त्यांचा संबंध होता, असे अलीकडच्या संशोधनात मांडले गेले आहे.

इ.स. १७९७ मध्ये त्यांनी भागीदारांसह लंडनमध्ये सिक्युरिटी बँक स्थापन केली. ही बँकही लवकरच बंद पडली. त्यानंतर देणेकऱ्यांचा तगादा, खटले आणि कर्जापायी तुरुंगवास यांचे सत्र सुरू झाले. वृत्तालेखाचा पहिला नमुना त्यांनी याच विपन्नावस्थेच्या काळात प्रसिद्ध केला.

स्टॅटिस्टिकल ब्रेव्हिअरी आणि पहिला वृत्तालेख

‘द स्टॅटिस्टिकल ब्रेव्हिअरी’ हे छोटेखानी पुस्तक इ.स. १८०१ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. युरोपातील प्रत्येक राष्ट्राचे क्षेत्रफळ, लोकसंख्या व महसूल एकाच पानावर तुलना करता येतील अशा रीतीने दाखवणे हा त्याचा उद्देश होता. त्यासाठी प्लेफेअर यांनी प्रत्येक राष्ट्राकरिता एक वर्तुळ काढले. वर्तुळाचे क्षेत्रफळ राष्ट्राच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात होते आणि वर्तुळे मोठ्या राष्ट्राकडून लहान राष्ट्राकडे क्रमाने मांडली होती. प्रत्येक वर्तुळाच्या डाव्या बाजूच्या उभ्या लाल रेषेने लोकसंख्या आणि उजव्या बाजूच्या पिवळ्या रेषेने महसूल दाखवला होता.

क्रमाने पहिले असलेले रशियाचे साम्राज्य युरोप व आशिया या दोन खंडांत पसरलेले होते. त्याचे दोन भाग प्लेफेअर यांनी एकात एक असलेल्या वर्तुळांनी दाखवले. तुर्की साम्राज्य मात्र आशिया, युरोप व आफ्रिका अशा तीन खंडांत विभागलेले होते. त्याच्यासाठी त्यांनी वर्तुळाच्या केंद्रापासून परिघापर्यंत त्रिज्या काढून तीन पाकळ्या पाडल्या. आशियातील भाग हिरवा, युरोपातील लाल आणि आफ्रिकेतील पिवळा असे रंग हाताने भरले. पाकळीचा आकार त्या भागाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात ठेवला. तुर्की साम्राज्याचे हे वर्तुळ जगातील पहिला ज्ञात वृत्तालेख होय.

पुस्तकाच्या शीर्षकातच युरोपीय राष्ट्रांबरोबर हिंदुस्थानातील सत्तांचे असेच दर्शन जोडल्याचा उल्लेख आहे. हे पुस्तक निघाले तो काळ हिंदुस्थानच्या इतिहासात निर्णायक होता. श्रीरंगपट्टणचा पाडाव होऊन दोनच वर्षे झाली होती, पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई होती आणि दुसरे इंग्रज-मराठा युद्ध दोन वर्षांनी सुरू व्हायचे होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या विस्तारात रस असलेल्या लंडनच्या वाचकाला येथील सत्तांचे तुलनात्मक बळ जाणून घ्यावेसे वाटत होते आणि वृत्तालेखाला जन्म देणाऱ्या याच पुस्तकात त्याची सोय केलेली होती.

लोकसंख्येच्या रेषेचे टोक व महसुलाच्या रेषेचे टोक प्लेफेअर यांनी तुटक रेषेने जोडले होते. या तिरक्या रेषेच्या कलावरून त्या देशातील करांचा बोजा कमी की जास्त हे दिसते, असा त्यांचा दावा होता आणि ब्रिटनच्या बाबतीत हा कल इतरांहून वेगळा दिसत असल्याने तेथील करभार जड आहे, असे ते सुचवत होते. या मांडणीत एक मूलभूत दोष होता. दोन रेषांमधील अंतर म्हणजे वर्तुळाचा व्यास असल्यामुळे तिरक्या रेषेचा कल देशाच्या क्षेत्रफळावरही अवलंबून राहत असे. लोकसंख्या व महसूल समान असलेल्या दोन देशांपैकी लहान देशाची रेषा अधिक उभी दिसली असती. नव्या साधनाच्या पहिल्याच वापरात दिसलेला हा दोष आलेखशास्त्राच्या इतिहासात आवर्जून सांगितला जातो.

अमेरिकेचे विभाजित वर्तुळ

इ.स. १८०५ मध्ये प्लेफेअर यांनी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांविषयीच्या एका फ्रेंच पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला आणि त्याला स्वतः काढलेला एक मोठा रंगीत वृत्तालेख जोडला. त्यात देशाचे संपूर्ण क्षेत्र एका वर्तुळाने दाखवून प्रत्येक राज्य व प्रदेशाला त्याच्या आकारमानानुसार पाकळी दिली होती. इ.स. १८०३ मध्ये फ्रान्सकडून विकत घेतलेला लुइझियानाचा विस्तीर्ण प्रदेशही त्यात होता. ब्रेव्हिअरीमधील वृत्तालेख अनेक वर्तुळांच्या रांगेतील एक होता. अमेरिकेचा आलेख मात्र सुटा होता आणि एका पूर्णाची विभागणी हाच त्याचा एकमेव विषय होता. आजच्या वृत्तालेखाशी त्याचे साम्य अधिक आहे. प्लेफेअर यांनी या आकृतीला वेगळे नाव दिले नाही. इंग्रजीतील पाय चार्ट हे नाव पुढील काळात कापलेल्या गोल पक्वान्नाच्या साम्यावरून रूढ झाले. मराठीत वृत्तालेख, तर भूगोलाच्या पुस्तकांत विभाजित वर्तुळ, असे शब्द वापरले जातात.

उत्तरायुष्य

इ.स. १८०५ मध्येच प्लेफेअर यांनी ॲडम स्मिथ यांच्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथाची अकरावी आवृत्ती टिपांसह संपादित केली आणि समृद्ध राष्ट्रांच्या ऱ्हासाच्या कारणांची चर्चा करणारा स्वतःचा ग्रंथही प्रसिद्ध केला. पुढे त्यांनी ब्रिटनमधील उमराव घराण्यांच्या वंशावळींचे अनेक खंड काढले. नेपोलियनच्या पाडावानंतर ते पुन्हा पॅरिसला गेले व तेथील गॅलिग्नानी यांच्या इंग्रजी वृत्तपत्राचे संपादक झाले. एका द्वंद्वयुद्धाविषयी केलेल्या लिखाणावरून इ.स. १८१८ मध्ये त्यांच्यावर खटला झाला व त्यांना दंड व तुरुंगवासाची शिक्षा झाली. ती टाळण्यासाठी ते लंडनला निघून आले.

इ.स. १८२१ मध्ये शेतीच्या दुरवस्थेविषयी लिहिलेल्या पुस्तिकेत त्यांनी आपला अखेरचा महत्त्वाचा आलेख दिला. इ.स. १५६५ ते १८२१ या सुमारे अडीचशे वर्षांतील गव्हाचे भाव स्तंभांनी, कुशल कारागिराची आठवड्याची मजुरी रेषेने आणि राणी एलिझाबेथपासूनच्या राज्यकर्त्यांचे कार्यकाल माथ्यावरील पट्ट्यांनी त्यात दाखवले होते. मजुरीच्या मानाने गहू पूर्वी कधी नव्हता इतका स्वस्त झाला आहे, असा निष्कर्ष त्यांनी त्यावरून काढला. तीन वेगवेगळ्या राशी एका चित्रात एकत्र आणणारा हा आलेख त्यांची उत्कृष्ट कृती समजला जातो. ११ फेब्रुवारी, इ.स. १८२३ रोजी लंडनमध्ये हलाखीच्या स्थितीत त्यांचे निधन झाले.

आलेखपद्धतीचा उशिरा झालेला स्वीकार

प्लेफेअर यांच्या मृत्यूनंतरही अनेक दशके ब्रिटनमध्ये त्यांच्या पद्धतीकडे दुर्लक्ष झाले. आकड्यांचे तक्ते हेच शास्त्रीय मांडणीचे प्रतिष्ठित रूप मानले जाई व चित्र हे सामान्यांच्या मनोरंजनाचे साधन समजले जाई. त्यात शोधकर्त्याची पत बुडालेली असल्याने त्याच्या आकृत्यांवर विश्वास ठेवण्यास विद्वान कचरत. युरोप खंडात परिस्थिती थोडी वेगळी होती. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी मेक्सिकोविषयीच्या आपल्या ग्रंथात प्लेफेअर यांची पद्धत वापरली व तिचा उल्लेख केला. फ्रेंच अभियंते शार्ल मिनार यांनी इ.स. १८५८ मध्ये फ्रान्सच्या नकाशावर लहान-मोठे वृत्तालेख बसवून कोणत्या विभागातून पॅरिसला किती व कोणत्या प्रकारचे मांस पुरवले जाते, हे दाखवले.

त्याच वर्षी फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियाच्या युद्धातील सैनिकांच्या मृत्यूची कारणे दाखवणारी वर्तुळाकार आकृती प्रसिद्ध केली. ती अनेकदा वृत्तालेख म्हणून ओळखली जाते. वस्तुतः तिच्यात सर्व पाकळ्यांचे कोन समान असून त्रिज्या बदलते, तर प्लेफेअर यांच्या वृत्तालेखात त्रिज्या समान राहून कोन बदलतो. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅनली जेव्हन्स यांनी प्लेफेअर यांच्या आलेखांचे महत्त्व ओळखले.

वृत्तालेखाचे गणित

प्लेफेअर यांच्या आकृतीमागील गणित साधे आहे. वर्तुळाच्या केंद्राभोवतीचा पूर्ण कोन ३६० अंशांचा असतो. एखाद्या घटकाच्या संख्येला सर्व घटकांच्या एकूण संख्येने भागून ३६० ने गुणले की त्या घटकाच्या वर्तुळपाकळीचा केंद्रीय कोन मिळतो. उदाहरणादाखल एका कुटुंबाचा मासिक खर्च ३०,००० रुपये धरू. त्यात किराणा १०,५००, घरभाडे ९,०००, शिक्षण ४,५००, प्रवास ३,००० आणि इतर खर्च ३,००० रुपये असल्यास पाकळ्यांचे कोन अनुक्रमे १२६, १०८, ५४, ३६ आणि ३६ अंश येतात. त्यांची बेरीज ३६० अंश होते. महाराष्ट्रातील शालेय गणितात हीच रीत शिकवली जाते आणि विद्यार्थी कंपास व कोनमापकाच्या साहाय्याने आकृती काढतात.

स्प्रेडशीटमधील वृत्तालेख

इ.स. १९७९ मध्ये आलेल्या व्हिजिकॅल्क या पहिल्या लोकप्रिय स्प्रेडशीट प्रणालीत आलेखांची सोय नव्हती. इ.स. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या लोटस १-२-३ मध्ये हिशेबाचा तक्ता व आलेख एकत्र आले. इ.स. १९८५ मध्ये आलेल्या एक्सेलने आणि पुढे लिबरऑफिस कॅल्क व गूगल शीट्स यांनी ही सोय घरोघरी पोहोचवली. प्लेफेअर यांना ज्या आकृतीसाठी ताम्रपट कोरून घ्यावा लागे व प्रत्येक प्रत हाताने रंगवावी लागे, ती आता काही क्षणांत तयार होते.

त्यासाठी एका स्तंभात घटकांची नावे आणि शेजारच्या स्तंभात त्यांच्या संख्या भराव्या लागतात. वरील उदाहरणात पहिल्या स्तंभात किराणा, घरभाडे, शिक्षण, प्रवास, इतर ही नावे आणि दुसऱ्या स्तंभात रकमा येतील. दोन्ही स्तंभ निवडून इन्सर्ट या यादीतील चार्ट हा पर्याय व त्यातील पाय हा प्रकार निवडला की वृत्तालेख उमटतो. एक्सेलमध्ये पाय प्रकाराचे चिन्ह इन्सर्टच्या पट्टीवरच असते, कॅल्कमध्ये आलेखाचा प्रकार विचारणारी चौकट उघडते, तर गूगल शीट्समध्ये उजवीकडच्या संपादन चौकटीतून प्रकार बदलता येतो. टक्केवारी किंवा कोन आधी काढण्याची गरज नसते. भागाकार व गुणाकार प्रणाली स्वतः करते आणि मूळ रक्कम बदलल्यास आकृतीही बदलते. नंतर शीर्षक देता येते व पाकळ्यांवर नावे आणि टक्केवारी दाखवता येते.

ही सहजता चुकांनाही वाव देते. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे एकूण रकमेची ओळही निवडणे. तसे केल्यास एकूण हा आणखी एक घटक समजला जातो, अर्धे वर्तुळ तोच व्यापतो आणि बाकीच्या सर्व पाकळ्या निम्म्या होतात. वरील उदाहरणात किराण्याचा वाटा ३५ टक्क्यांऐवजी १७.५ टक्के दिसेल. आकृती मात्र तितकीच नीटनेटकी दिसत असल्याने चूक लक्षात येत नाही. ऋण संख्या, म्हणजे तोटा किंवा घट, वृत्तालेखात दाखवता येत नाही. एका व्यक्तीने अनेक पर्याय निवडलेल्या सर्वेक्षणातील टक्केवारीची बेरीज शंभराहून अधिक होते, म्हणून तीही वृत्तालेखास योग्य नसते. निरनिराळ्या वर्षांच्या रकमा एका वर्तुळात घालणेही निरर्थक ठरते, कारण वर्षे ही एका पूर्णाची अंगे नव्हेत. त्यांच्यासाठी प्लेफेअर यांचाच रेषालेख उपयोगी आहे. घटक एकमेकांपासून वेगळे असले पाहिजेत आणि सर्व मिळून एक अर्थपूर्ण पूर्ण राशी झाली पाहिजे, ही अट तपासण्याचे काम कोणतीही प्रणाली करत नाही. ते आलेख काढणाऱ्याकडेच राहते.

मर्यादा व टीका

विसाव्या शतकात वृत्तालेखाचा प्रसार झाला तशी त्यावर टीकाही वाढली. अमेरिकेतील विलार्ड ब्रिंटन यांनी इ.स. १९१४ मध्ये आलेखपद्धतींवरील आपल्या ग्रंथात वर्तुळाच्या पाकळ्यांऐवजी पट्ट्या वापरण्याची शिफारस केली. इ.स. १९२६ मध्ये वॉल्टर ईल्स यांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात मात्र वर्तुळाचे भाग विभागलेल्या पट्टीइतकेच किंवा त्याहून अचूक वाचले गेले. इ.स. १९८४ मध्ये विल्यम क्लीव्हलँड व रॉबर्ट मॅकगिल यांनी दाखवले की, माणूस एकाच पट्टीवरील स्थानांची तुलना जितकी अचूक करतो तितकी कोनांची करू शकत नाही. जवळजवळ समान असलेल्या दोन पाकळ्यांपैकी मोठी कोणती हे डोळ्याला सहज ठरवता येत नाही. पाकळ्यांची संख्या वाढली किंवा आकृती त्रिमितीय करून तिरकी ठेवली, तर हा दोष आणखी वाढतो, कारण पुढच्या बाजूची पाकळी मोठी भासते.

याउलट, एखादा घटक पूर्णाच्या निम्मा, पाव किंवा त्याहून कमी-अधिक आहे हे दाखवण्यात वृत्तालेख सरस ठरतो, कारण अर्धे व पाव वर्तुळ डोळा लगेच ओळखतो. म्हणून घटक थोडे ठेवावेत, ते आकारानुसार क्रमाने लावावेत, किरकोळ घटक इतर या सदरात एकत्र करावेत आणि पाकळीवर आकडा लिहावा, असे संकेत पाळले जातात. प्लेफेअर यांच्या मूळ वृत्तालेखात फक्त तीन पाकळ्या होत्या.

वारसा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एडवर्ड टफ्टी, हॉवर्ड वेनर व इयन स्पेन्स यांच्या लेखनामुळे प्लेफेअर यांचे कार्य पुन्हा प्रकाशात आले. ॲटलस व ब्रेव्हिअरी या दोन्ही ग्रंथांची प्रतिरूप आवृत्ती इ.स. २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. वृत्तालेखाच्या कट्टर टीकाकारांमध्ये गणले जाणारे टफ्टी हे त्याच्या निर्मात्याच्या इतर आलेखांचे मोठे प्रशंसक आहेत, ही बाब प्लेफेअर यांच्या कार्याचा आवाका स्पष्ट करते.

प्लेफेअर यांनी सुरू केलेले जवळजवळ सर्व उद्योग बुडाले आणि त्यांच्या व्यवहारांत इतरांचेही नुकसान झाले. आकड्यांचे तक्ते वाचण्यासाठी वेळ व प्रशिक्षण लागते, परंतु आकारांची तुलना सर्वांना करता येते, हे त्यांचे सूत्र मात्र टिकून राहिले. ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकापासून निवडणुकीच्या निकालापर्यंत कोणाच्या वाट्याला काय आले हे दाखवण्यासाठी आजही तुर्की साम्राज्यासाठी काढलेल्या त्या वर्तुळाचीच रीत वापरली जाते.